कळलं नाही तर मान हलवू नकोस

वाचक सिस्टरचं पत्र :

‘काकू, मी मूळची साताऱ्याची, नर्स. आयईएलटीएस झाली, इथली ओएससीई (नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा) पहिल्या फटक्यात पास झाले आणि ग्लासगोच्या एका सरकारी हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात लागले. इंग्रजी येतं असं वाटत होतं. इथे आल्यावर कळलं, येत नाही. पेशंट काय म्हणतात ते समजत नाही. दोनदा विचारलं की तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, मग मी हसून ‘येस येस’ म्हणते. एक आजी मला रोज कोंबडी म्हणतात. स्टेशनचं नाव विचारलं तर लोक हसतात. उच्चार सुधारायचा एक ऑनलाइन क्लास आहे, फी बरीच आहे. लावू का? आणि आमचा पाच वर्षांचा मुलगा शाळेतून ‘वॉ-अर’, ‘आय आय’ असलं काहीतरी शिकून येतो. त्याचे बाबा त्याला ओरडतात. काय करू?’

प्रिय सिस्टर,

आधी कोंबडीचं मिटवू या. ग्लासगोत ‘हेन’ म्हणजे ‘अगं पोरी’. बसचा ड्रायव्हर म्हणेल, दुकानातली बाई म्हणेल, आणि आजी तर म्हणणारच. पुरुषांना ‘पॅल’ नाहीतर ‘सन’. तेव्हा आजी तुझ्यावर खूश आहेत, मनात काही आणू नकोस.

तुझ्या पत्रातली मला खरी खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. हसून ‘येस येस’ म्हणणं. बाकी सगळं सावकाश जमेल, पण हे उद्याच्या ड्यूटीपासून बंद कर. इथे असे काही शब्द आहेत जे तुला ओळखीचे वाटतील आणि तिथेच घात होईल. आजोबा मनगट धरून म्हणाले, ‘आय डाउट इट्स ब्रोकन’. आपण शिकलो त्या इंग्रजीत याचा अर्थ, मोडलं असेल असं वाटत नाही. स्कॉटलंडातल्या जुन्या माणसाच्या तोंडी अर्थ बरोब्बर उलटा: मोडलंय बहुतेक. तू गोळी पुढे केलीस आणि पेशंटने विचारलं ‘हाउ?’, तर तू पाण्याबरोबर घ्या म्हणून सांगत बसशील. त्याला कशी घ्यायची ते विचारायचं नाहीये, का घ्यायची ते विचारायचंय. ग्लासगोत ‘हाउ’ म्हणजे पुष्कळदा ‘का’. ‘शी वॉज ग्रीटिन ऑ निख्त’ म्हणजे ती रात्रभर कुणाचं स्वागत करत नव्हती, रडत होती. ‘डू यू माइंड?’ म्हणजे हरकत आहे का असं नसून, आठवतंय का. आणि मुलगी ‘मेसेजेस’ आणायला गेलीय म्हणाले तर फोन बघू नकोस, ती किराणा आणायला गेलीय.

वॉर्डात कानावर पडतील असे आणखी काही शब्द सांगते, हे पाठच कर. ‘ऑक्स्टर’ म्हणजे काख. ‘लग’ म्हणजे कान. ‘थ्रॅपल’ म्हणजे घसा. ‘जॅग’ म्हणजे इंजेक्शन. ‘स्टूकी’ म्हणजे प्लास्टर. ‘स्केल्फ’ म्हणजे बोटात घुसलेली कुसळ. ‘पीली-वॉली’ म्हणजे चेहरा उतरलेला, पांढरा पडलेला. ‘क्रॅबिट’ म्हणजे चिडचिडा. ‘हर्पल’ म्हणजे लंगडत चालणं. आणि कुणी ‘आ’म गॉने बोक’ म्हणालं तर अर्थ विचारत थांबू नकोस, आधी भांडं पुढे कर, उलटी येतेय.

कळलं नाही की काय करायचं? ‘सॉरी?’, ‘पार्डन?’ हे शब्द फारसे कामाचे नाहीत. माणूस तेच वाक्य पुन्हा म्हणतो, फक्त मोठ्याने. त्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं तू त्याच्यासमोर ठेव: ‘खांद्यात दुखतंय, हे कळलं. कधीपासून, ते पुन्हा सांगा.’ मग त्याला अख्खं वाक्य नाही, एकच तुकडा दुरुस्त करावा लागतो. दुखणं असेल तर हात ठेवून दाखवायला सांग. आणि काहीही झालं तरी ‘प्लीज स्पीक प्रॉपर इंग्लिश’ असं म्हणू नकोस. का, ते मुलाच्या प्रश्नापाशी आल्यावर सांगते.

एक गोष्ट मात्र तू नर्स म्हणून माझ्यापेक्षा चांगली जाणतेस, तरी लिहिते, कारण भांबावलेला माणूस साधं विसरतो. पेशंटची कवळी तोंडात आहे की डबीत, ते बघ. कानाचं मशीन चालू आहे का बघ. मी इथे पेझलीत राहते (आपल्या कोयरीच्या नक्षीला इंग्रजीत ज्या गावाचं नाव चिकटलं तेच हे गाव), आणि शेजारच्या आजोबांचं सकाळी दार उघडल्याबरोबरचं बोलणं मला आजही अर्धंच कळतं. चहा होईपर्यंत कवळी बसते आणि बोलणं लख्ख होतं. आणि उलट बाजूने: काल ज्याचं बोलणं तुला निम्मं कळत होतं, त्याचं आज अजिबातच कळेनासं झालं, जीभ जड वाटली, तर आपल्यालाच ॲक्सेंट समजत नाही म्हणून गप्प बसू नकोस. तो स्ट्रोक असू शकतो. लगेच सीनियरला बोलव.

आता कानाचं. तुला वाटतंय की हे लोक इंग्रजी मोडून बोलतात. तसं नाही. आधी दोन गोष्टी वेगळ्या कर. एक आहे स्कॉटिश धाटणीचं इंग्रजी, ते तुझी वॉर्डाची प्रमुख मीटिंगमध्ये बोलते. दुसरी आहे स्कॉट्स, ही वेगळी भाषा. तिचा उगम उत्तरेकडच्या जुन्या इंग्रजीतला. (गेलिक ती आणखी तिसरी, तिचा यात संबंध गावांच्या नावांपुरता.) २०११ च्या जनगणनेत १५ लाखांहून जास्त लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येतं असं नोंदवलं, आणि २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा करून गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला. गोची अशी की लोक एका वाक्यात इकडून तिकडे जातात. तीच प्रमुख चहाच्या खोलीत गेली की तुला तिचं बोलणं कळत नाही, कारण ती तिथे दुसऱ्याच टोकाला गेलेली असते. पुण्यात वाढलेला डॉक्टर मालवणच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी बसला आणि म्हाताऱ्या बाईने त्याला ‘माका बरा वाटणा नाय’पासून सुरू करून पुढचं सगळं धडाधड सांगितलं, तर त्याची जी गत होईल ती तुझी झालीय. त्याचं मराठी कच्चं नाही, तुझं इंग्रजीही नाही.

आणि हे शिकता येतं, कारण त्यात नियम आहेत. ‘आउ’ असेल तिथे ‘ऊ’ ऐक: हाउसचं हूस, डाउनचं डून, आउटचं ऊट, नाउचं नू. ‘ओ’ असेल तिथे बऱ्याचदा ‘ए’: होमचं हेम, बोनचं बेन, स्टोनचं स्टेन, सोअरचं सेर. काही शब्दांत ‘ए’चा ‘ई’: हेडचं हीड, डेडचं डीड, ब्रेडचं ब्रीड. शेवटचा ल गळतो: ऑलचं ऑ, बॉलचं बॉ, फुटबॉलचं फिटबॉ. एवढे चार धागे धरलेस की ‘मा हीड्स सेर’ हे आपोआप उलगडेल: डोकं दुखतंय. यातला हूस-डूनचा प्रकार तर मला फार आवडतो. साधारण पंधराव्या शतकापासून दक्षिणेकडच्या इंग्रजीत दीर्घ स्वर सरकत गेले आणि जुन्या ‘हूस’चं ‘हाउस’ झालं. उत्तरेत तो ‘ऊ’ जागचा हललाच नाही. म्हणजे जुना उच्चार आजोबांचा आहे, बदलला तो लंडनवाल्यांचा.

नकाराकडे विशेष लक्ष दे. कान्टचं ‘कॅने’, डिडन्टचं ‘डिडने’, वॉझन्टचं ‘वॉझने’. शेवटचा ‘ने’ घाईत पुसट होतो आणि तेवढ्यावरून ‘गोळी घेतली’ आणि ‘गोळी घेतली नाही’ यांची अदलाबदल होते. शंका आली तर विचार: ‘घेतली, की नाही घेतली?’ लोक चिडत नाहीत.

वाक्यांच्या ठेवणीत तर आपल्याला घरच्यासारखं वाटावं. ग्लासगोकर म्हणतो, ‘सी मा नी? इट्स किलिन मी.’ इथे ‘सी’ म्हणजे बघा असं काही नाही. ‘माझा गुडघा ना, जीव घेतोय’ यातला आपला ‘ना’ जे काम करतो, तेच. ‘व्हेअर डू यू स्टे?’ हे लंडनच्या माणसाला खटकेल, इथे आणि आपल्याकडे कुठे राहता हे असंच विचारतात. ‘ही’ज वाँटिन हिज टी’ हेही तसंच. आपल्या इंग्रजीत ‘आय ॲम वाँटिंग’ आलं की शाळेतल्या बाई लाल शाई वापरायच्या. इथे कुणी वळूनही बघत नाही.

ग्लासगोचे म्हणून जे खास आवाज आहेत त्यांची मात्र सवयच करावी लागते. ‘वॉटर’, ‘बटर’मधला ट घशात अडतो. हा आवाज तुला येतो. लहान मुलाला काही करू नको सांगताना आपण तोंड न उघडता ‘अं-अं’ करतो, त्या दोन ‘अं’च्या मध्ये जो झटका बसतो तोच हा. ‘थिंक’चं ‘हिंक’ होतं, ‘थिंग’चं ‘हिंग’. छोटा ‘इ’ खाली घसरतो, त्यामुळे ‘पिल’ कधी ‘पेल’सारखं ऐकू येतं, कधी ‘पल’सारखं. आणि ‘मदर’, ‘ब्रदर’मधला द चक्क र होतो. म्हणजे एखादा गृहस्थ डोळ्यात पाणी आणून तुझ्याकडे बघत ‘मा मर्रा’ म्हणाला तर दचकू नकोस, त्याला आईची आठवण आलीय.

हे पश्चिमेचं झालं. ॲबर्डीनकडचा पेशंट आला तर पाटी पुसून पुन्हा सुरुवात, कारण तिथे ‘व्हॉट’चं ‘फिट’ आणि ‘व्हेअर’चं ‘फार’ होतं. ‘फिट लाइक?’ म्हणजे काय, कसं काय. तब्येत ठणठणीत आहे का असं तो विचारत नाहीये.

क्लासचं विचारलं आहेस. माझं स्पष्ट मत: लावू नकोस. असे क्लास बहुतेक दक्षिण इंग्लंडचा उच्चार शिकवतात. त्यात पहिला बळी जातो र-चा: ‘कार’चं ‘काऽ’, ‘नर्स’चं ‘नऽस’. आता गंमत बघ, स्कॉटिश माणूस र खणखणीत म्हणतो, आणि आपणही. ‘गो’मधला ओ आणि ‘फेस’मधला ए दक्षिणेत दोन स्वरांत वळवतात, इथे ते सरळ असतात, आपल्यासारखे. ‘फिल्म’ला इथे सर्रास ‘फिलम’ म्हणतात आणि आपल्याकडे ‘फिलिम’ म्हणणाऱ्याला गावंढळ ठरवतात! ‘गर्ल’ इथे ‘गरल’ होते, जवळजवळ दोन अक्षरी. म्हणजे पैसे भरून तू जे घालवणार, ते इथे पेशंटला समजायला सोपं आहे. तुझं बोलणं तसंच ठेव, फक्त थोडं सावकाश बोल. आपण साताऱ्याकडची माणसं घाबरलो की गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकतो.

पैसे न घालता करायचं ते असं. कामावर जाता-येता बीबीसी रेडिओ स्कॉटलंड लाव, त्यातही जिथे श्रोते फोन करून बोलतात ते कार्यक्रम. निवेदकाचं कळेल, फोनवाल्याचं कळणार नाही, हळूहळू त्याचंही कळेल. फुटबॉलवर भांडणारे शेवटी कळतील, ते कळले की तू पास. वॉर्डातली एखादी जुनी हेल्थकेअर असिस्टंट, त्याच भागात जन्मलेली, तिला सांगून ठेव की मला कळलं नाही की तुझ्याकडे येणार. खिशात छोटी वही ठेव. शब्द ऐकू येईल तसा देवनागरीत लिही. स्पेलिंगच्या भानगडीत पडू नकोस, देवनागरी या कामाला फार चांगली आहे. पेशंटचं नाव-गाव मात्र त्यात नको. घरी येऊन इंटरनेटवरच्या ‘डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’मध्ये शोध, फुकट आहे. फोनवर मात्र कुणालाच सोपं जात नाही, मला अजून जात नाही. तिथे आकडे आणि औषधांची नावं एकेक करून परत वाचून दाखवायची आणि समोरच्याकडून ‘आय’ ऐकल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. (‘आय’ म्हणजे हो. नाही असेल तर ‘नॉ’.)

स्टेशनांची नावं. हसले म्हणतेस, तर हसू दे. इंग्लंडहून आलेल्यांनाही इथले लोक असेच हसतात. ज्या पाटीवर अक्षरं जोडून आपण ‘मिल्नगावी’ वाचतो आणि कुणाच्या तरी गावी निघाल्यासारखं वाटतं, तिचा उच्चार ‘मल्गाय’. गोव्हान नाही, ‘गव्हन’. स्ट्रॅथहेवन नाही, ‘स्ट्रेव्हन’. फाइफमधलं किर्ककाल्डी म्हणजे ‘करकॉडी’, कलरॉस म्हणजे ‘कूरस’. आणि आपल्या वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं एडिनबर्ग छापलं तरी ते ‘एडिनबरा’ आहे. ‘लॉख’ला लॉक म्हणू नकोस. आपला ख जीभ टेकवून झटक्यात सुटतो, त्यांचा घासत बाहेर पडतो, गझल गाणारे ‘ख़याल’ म्हणतात तसा. पहिले काही दिवस घसा खाकरल्यासारखं वाटेल.

यातली सगळ्यात मजेची भानगड झेडची आहे आणि ती तुला वॉर्डाच्या यादीतही भेटेल. स्पेलिंगवरून ‘मेंझीस’ वाटणारं आडनाव जुने लोक ‘मिंगिस’ म्हणतात. ‘डालझील’ दिसतं, त्याचा उच्चार ‘डी-एल’. किनाऱ्यावरचा ‘कल्झीन’ किल्ला म्हणजे ‘कलेन’. झेड गेला कुठे? तो तिथे नव्हताच. जुन्या स्कॉट्समध्ये ‘योख’ नावाचं एक अक्षर होतं, शेपूट असलेल्या ३ सारखं, उच्चार य आणि ग यांच्या आसपासचा. छापखाने आले तेव्हा खिळ्यांमध्ये हे अक्षर नव्हतं, म्हणून दिसायला जवळचा झेड बसवला. अक्षर मेलं, झेड उरला, बोलणारे मात्र जुनंच म्हणत राहिले. २००६-०७ मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते असलेले सर मेंझीस कॅम्पबेल यांना सगळे ‘मिंग’ म्हणायचे ते यामुळेच. पण हा नियम समजून सगळीकडे लावू नकोस. मॅकेंझी आडनावात लोकांनी छापलेला झेड वाचता वाचता खराच करून टाकला. तेव्हा आडनाव पेशंटलाच विचारायचं. ‘हाउ डू यू से युअर नेम?’ याचा इथे कुणालाही राग येत नाही, उलट बरं वाटतं.

आणि तुझ्या जिल्ह्यातलंच सांगते. महाबळेश्वरची मालकम पेठ ज्यांच्या नावाने आहे ते सर जॉन माल्कम, १८२७ ते १८३० मुंबईचे गव्हर्नर, दक्षिण स्कॉटलंडातल्या डम्फ्रीसकडचे. आपल्या लोकांनी त्यांचं नाव आपल्या जिभेला जमेल तसं केलं आणि बाजाराला लावून मोकळे झाले. लाजलं कुणी?

आता मुलगा. त्याच्या बाबांना हे पत्र वाचायला दे, कारण पुढचं त्यांच्यासाठी आहे.

तुझ्या वॉर्डात आज जे सत्तरी-ऐंशीचे आजोबा आहेत, त्यांच्यातल्या अनेकांनी शाळेत ‘आय’ म्हटल्याबद्दल मार खाल्लाय. ‘टॉज’ नावाचा चामड्याचा पट्टा असायचा, टोकाला चिरलेला, हातावर मारायचे. सरकारी शाळांतली ही शिक्षा १९८७ मध्ये बंद झाली. घरी बोलतो ती भाषा घाणेरडी आहे, असं त्यांना लहानपणी शिकवलं गेलं. म्हणूनच मी वर म्हटलं की पेशंटला ‘प्रॉपर इंग्लिश’ हे शब्द ऐकवू नकोस. ते तू सहज म्हणशील आणि त्यांना बाई आठवतील. आणि म्हणूनच तुमच्या घरात त्याच शब्दावरून पाच वर्षांच्या पोराला ओरडा बसावा हे मला पटत नाही. दादा, तो बिघडत नाहीये. वर्गातल्या पोरांसारखं बोललं नाही तर मधल्या सुट्टीत बॉल मिळत नाही, एवढा साधा हिशोब त्याने केलाय. शिक्षिकेशी तो वेगळं बोलत असेल, तुम्ही बघायला नसता एवढंच. लहान मुलं हा गिअर फार लवकर बदलतात.

तुम्हाला काळजीच करायची असेल तर मराठीची करा. ‘वॉ-अर’चं ‘वॉटर’ करण्यात रोजची संध्याकाळ घालवू नका, त्याने पाणी मागितलं की मराठीत मागू दे. सोमवारी रात्री आजीशी व्हिडिओ कॉल लावून तुम्ही दोघं खोलीतून बाहेर गेलात तर तो आपोआप मराठी बोलेल, कारण आजीला दुसरं काही चालणार नाही.

आणि जानेवारीत तयार राहा. २५ जानेवारीला बर्न्स नाइट, म्हणजे स्कॉट्स कवी रॉबर्ट बर्न्सची जयंती असते, त्याआधी प्राथमिक शाळांमध्ये मुलांना स्कॉट्स कविता पाठ करायला देतात. कागद घरी येईल. अर्थ डिक्शनरीत सापडेल, उच्चार पोराला विचारा.

— काकू